एच-बीम की आय-बीम? आधी आरपीएम ठरवा

या धाग्यातली सगळी चर्चा इंजिनासाठी नवे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी जोडणारे दांडे) एच-बीम घ्यावेत की आय-बीम, म्हणजे एच आकाराच्या छेदाचे की आय आकाराच्या, यावरच अडकली आहे. माझ्या मते आधी इंजिन किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेरे) पळवणार ते ठरवा. पिस्टनच्या जडत्वामुळे रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५०० चे ७५०० केलेत की तो जवळपास ३३ टक्क्यांनी चढतो! सर्वात वाईट ओढ बसते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (जळलेला वायू बाहेर ढकलणाऱ्या फेरीच्या) शेवटी, कारण तेव्हा पिस्टनला वरून थोपवायला गॅसचा दाब नसतो. तिथे खरी कसोटी रॉडच्या खालच्या टोकाची कॅप (क्रँकभोवती बसणारा सुटा अर्धा भाग) धरून ठेवणाऱ्या बोल्टची. ४३४० या मजबूत मिश्र स्टीलचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) रॉड घ्याच, पण सोबत बोल्ट कुठले येतात तेही विचारा. आवळताना नुसत्या टॉर्क पान्यावर विसंबू नका. आट्यांना तेल लावलंय की खास वंगण, यावर तोच आकडा वेगळा ताण देतो. स्ट्रेच गेजने बोल्ट किती ताणला गेला ते मोजा.

धागाकर्त्यांची गाडी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, म्हणून एक सांगतो: सुरुवातीच्या इंजिनांत रॉडची कॅप तिरकी कापलेली असते, नंतरच्या १८व्ही मालिकेत सरळ. ऑर्डर देण्याआधी इंजिन नंबर बघाच.

टायटॅनियमचे रॉड? रस्त्यावरच्या गाडीला कशाला हवेत ते. आणि हो, नवे रॉड जाड असतात. जोडल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून रॉड कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला), ब्लॉकला कुठे घासत नाहीत ना, ते पाहा.