शब्दचर्चा: खेळाडूंचे ‘गैरवर्तन’ आणि चाहत्यांचा ‘विश्वासघात’

प्रश्न: नामांकित खेळाडूचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आले की बातम्यांत ‘गैरवर्तन’ आणि ‘चाहत्यांचा विश्वासघात’ हे शब्द हमखास येतात. ते योग्य आहेत का?

उत्तर: पैशांच्या अफरातफरीला आपण गैरव्यवहार म्हणतो, परीक्षेतल्या कॉपीला गैरप्रकार, आणि पंचांशी हुज्जत घालणे किंवा एखाद्याशी उद्धटपणे वागणे याला गैरवर्तन. गैरवर्तन कोणाशी झाले, हे सांगावे लागते. विवाहबाह्य संबंधांत ज्याच्याशी गैर वागणे झाले तो जोडीदार असतो, आणि त्यासाठी मराठीत ‘प्रतारणा’ हा नेमका शब्द आहे. ‘व्यभिचार’ म्हटले की निवाडाच होतो. भारतीय दंड संहितेतले त्याविषयीचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केले, तरी शब्दाची धार गेलेली नाही. ‘बाहेरख्याली’ हा स्वभावाचा शेरा आहे, तो एका घटनेला लावू नये.

गोल्फपटू टायगर वुड्सचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2009 मध्ये फ्लोरिडातील घराजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला आणि त्यापाठोपाठ एकेक संबंध चव्हाट्यावर आले. 19 फेब्रुवारी 2010 रोजी त्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून पत्नीशी एकनिष्ठ राहिलो नाही, अशी स्पष्ट कबुली दिली. त्याच्या प्रायोजक कंपन्यांपैकी अ‍ॅक्सेंचरने करार मोडला, नायकेने तो कायम ठेवला. त्याने जिंकलेल्या एकाही स्पर्धेला मात्र बाध आला नाही, कारण मैदानावर त्याने कोणाला फसवले नव्हते. म्हणून पत्नीशी प्रतारणा, आणि चाहत्यांचा फार तर भ्रमनिरास, असे म्हणावे. चाहत्यांचे दुःख खोटे नव्हते. मुलांसमोर वुड्सचा आदर्श ठेवणाऱ्या पालकांची त्याने त्याच निवेदनात वेगळी माफी मागितली होती. पण विश्वासघात व्हायला आधी शब्द दिलेला असावा लागतो, आणि वुड्सने तो पत्नीला दिला होता. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची गोष्ट वेगळी. उत्तेजकांच्या सेवनामुळे 2012 मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याने वर्षानुवर्षे लोकांसमोर इन्कार केला होता, तेव्हा तिथे ‘चाहत्यांचा विश्वासघात’ हा शब्द चपखल बसतो.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. 1992 साली मुष्टियोद्धा माइक टायसनला बलात्काराबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि असे प्रकारही ‘खासगी आयुष्यातील गैरवर्तन’ या मथळ्याखाली खपवले जातात. हा गुन्हा आहे. त्याला सौम्य शब्द वापरणे म्हणजे पीडितेवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

शंका: मग खासगी वागण्यातून सार्वजनिक विश्वासाला धक्का बसतच नाही, असे आपले म्हणणे आहे का?

उत्तर: नाही. जिथे पदाबरोबर विश्वास येतो, तिथे धक्का बसतो. मार्च 2018 मध्ये केपटाऊनला चेंडू कुरतडल्याचे प्रकरण झाले, स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर एक वर्षाची बंदी आली आणि संघाची गेलेली पत सावरण्यासाठी टिम पेनकडे ऑस्ट्रेलियाचे कसोटी कर्णधारपद आले. त्याने 2017 मध्ये एका महिला कर्मचाऱ्याला अश्लील संदेश पाठवले होते. 2018 च्या चौकशीत आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचा निष्कर्ष निघाला, आणि ही गोष्ट लोकांपासून दूर राहिली. नोव्हेंबर 2021 मध्ये ती बाहेर येणार असे दिसताच, अ‍ॅशेस मालिका तोंडावर असताना, त्याने कर्णधारपद सोडले. त्याची नेमणूकच स्वच्छ प्रतिमेच्या आधारावर झाली होती, त्यामुळे इथे ‘विश्वासाला तडा गेला’ असे म्हणणे मला रास्त वाटते, आणि त्या तड्याची जबाबदारी पेनइतकीच, सगळे ठाऊक असून त्याला त्या पदावर ठेवणाऱ्या क्रिकेट मंडळाकडेही जाते.