सवलत संपली की ग्राहक का जातात?

प्रश्न: किराणा दुकानांसाठी हिशेबाचे ॲप करणाऱ्या आमच्या नव्या कंपनीला सवलतीमुळे ग्राहक मिळतात, परंतु सवलत संपताच ते निघून जातात. यावर उपाय काय?

उत्तर १: फाइली इंटरनेटवर साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सला सुरुवातीला ९९ डॉलरच्या योजनेसाठी एकेक ग्राहक मिळवताना जाहिरातींवर २३३ ते ३८८ डॉलर मोजावे लागत होते. पुढे त्यांनी मित्राला आणणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही, जादा साठवणजागा दिली; सप्टेंबर २००८ मधील १ लाख वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाख झाले. बक्षीस रोख नव्हते, ते उत्पादनच होते, हे मला निर्णायक वाटते.

उत्तर २: हे झाले ग्राहक आणण्याचे. टिकवायचे असतील, तर दुकानदाराची उधारीची वही पहिल्याच आठवड्यात ॲपमध्ये उतरवून द्या.

प्रश्नकर्ता: उधारीची नोंद सध्या सशुल्क आहे, ती मोफत करून पाहतो.