रात्रीच्या पाण्यावरील धडक : आपले अनुभव

20 ऑगस्ट 1989 रोजी मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास लंडनच्या थेम्स नदीत ‘मार्शनेस’ ही प्रवासी नौका बुडाली. नौकेवर वाढदिवसाची मेजवानी चालू होती आणि सुमारे 130 जण होते. वाळू उपसणारे ‘बोबेल’ हे 80 मीटर लांबीचे जहाज तिच्या मागून त्याच दिशेने येत होते. कॅनन स्ट्रीटच्या रेल्वेपुलाजवळ त्याने तिला धडक दिली आणि ती मिनिटभराच्या आत पाण्याखाली गेली. 51 जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक तरुण होते. वादळ नव्हते, धुके नव्हते आणि दोन्ही नौकांची यंत्रे ठीक चालत होती. बोबेलचे सुकाणूघर मागच्या टोकाला असल्याने मधल्या उपसायंत्रामुळे पुढचे पाणी नीट दिसत नव्हते, तर मार्शनेसच्या चालकाला वरच्या मजल्यामुळे मागचे दिसत नव्हते. बोबेलच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) पहाऱ्याला माणूस होता, परंतु त्याने काही पाहिलेच तर ते सुकाणूघरापर्यंत पोहोचवण्यासाठी त्याच्याकडे बिनतारी संच नव्हता. बोबेलच्या कप्तानावर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही. सार्वजनिक चौकशीचा अहवाल यायला 2001 साल उजाडले, आणि त्यात दोन्ही नौकांवर नीट नजर ठेवली जात नव्हती हेच मुख्य कारण ठरले.

मी याच नदीच्या काठी नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील मराठी कुटुंबांनी दिवाळीनिमित्त अशीच एक बोट भाड्याने घेतली होती. सुरक्षेची घोषणा झाली तेव्हा संगीत इतके मोठे होते की दारापाशी उभे असलेल्यांनाही ती ऐकू आली नाही. मी चालकाच्या खोलीत डोकावलो, तर समोरच्या काचेवर आतल्या रंगीत दिव्यांचे प्रतिबिंब नाचत होते आणि चालक दोन्ही तळहातांचा आडोसा करून काचेला नाक लावून बाहेर पाहत होता. त्याच्या जागेवरून मलाही पाहता आले. पुलाची कमान दिसत होती, कमानीखालचे काहीच दिसत नव्हते.

रात्रीच्या पाण्यावर आपण काय पाहिले, ते या धाग्यावर लिहावे. खासगी व्यक्तींची आणि कंपन्यांची नावे कृपया टाळावीत. वेग किती होता, दिवे कोणते होते आणि त्या क्षणी समोर कोण पाहत होते, एवढे मात्र जरूर सांगावे.

निवृत्त कप्तान, पुणे

माझे सारे आयुष्य व्यापारी जहाजांवर गेले. मध्यरात्री बारा ते चार ही पाळी सेकंड ऑफिसरची असते आणि पश्चिम किनाऱ्यावर कोचीहून न्हावा शेवाकडे येताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील ही पाळी किती कठीण असते, हे ज्याने केली त्यालाच ठाऊक. पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठलेली असते, समुद्र शांत झालेला असतो आणि क्षितिजावर मासेमारी नौकांचे दिवेच दिवे असतात.

नियम साधा आहे आणि जगभर एकच आहे. नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा असतो. ट्रॉलर जाळे ओढत असेल तर वर हिरवा व खाली पांढरा, आणि अन्य प्रकारची मासेमारी चालू असेल तर वर लाल व खाली पांढरा. हे दिवे दिसले की समोरची नौका कोणत्या दिशेला चालली आहे आणि तिला सहज वळता येईल की नाही, हे आम्हाला कळते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा गणपतीच्या आरासीसारख्या लुकलुकणाऱ्या माळा दिसतात, आणि हल्ली प्रखर एलईडी दिवे. एलईडीच्या उजेडात मासे आकर्षित करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली असली, तरी तो उजेड समुद्रावरून गेलेला नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तसा एक झोत डोळ्यांवर आला की ती सगळी मेहनत वाया जाते.

रत्नागिरीच्या बाहेरची एक रात्र सांगतो. अशाच झगझगीत उजेडाला पुरेसे अंतर देऊन आम्ही चाललो होतो. रडारवर तेवढाच ठिपका होता. एवढ्यात पंखावर (सुकाणूघराच्या बाहेरील उघड्या भागावर) उभ्या असलेल्या पहाऱ्याच्या खलाशाने ओरडून हात दाखवला. उजेडाच्या अलीकडे, जाळ्याच्या टोकाशी, एक छोटी होडी होती आणि तिच्यावर एकही दिवा नव्हता. होडीतील माणसाने आपला मोबाइल डोक्यावर उंच धरला होता आणि तेवढाच निळसर उजेड त्याच्याकडे होता. आम्ही सुकाणू पूर्ण फिरवले. होडी आमच्या अंगाला घासल्यासारखी मागे गेली. त्या खलाशाने त्या क्षणी चहाच्या कपाकडे पाहिले असते, तर आम्हाला काहीही कळले नसते आणि आम्ही सकाळी न्हावा शेवाला पोहोचलो असतो. मोठ्या जहाजाला लाकडी किंवा फायबरची होडी लागल्याचा धक्काही जाणवत नाही.

कागदावर 20 नॉट (ताशी 20 सागरी मैल) वेग फारसा वाटत नाही. त्या वेगाने जहाज तीन मिनिटांत एक सागरी मैल कापते आणि थांबवायचे ठरवले तर मैल-दोन मैल सहज पुढे जाते. शिवाय नाळेच्या अगदी पुढचा कित्येक मीटर पाण्याचा पट्टा सुकाणूघरातून दिसतच नाही. 13 एप्रिल 2021 रोजी पहाटे दोनच्या सुमारास मंगळुरूपासून सुमारे 43 सागरी मैलांवर केरळमधील बेपूरची मासेमारी नौका आणि एक परदेशी कंटेनर जहाज यांची धडक झाली. नौकेवरील 14 जणांपैकी दोघेच जिवंत हाती लागले.

मासेमारी करणाऱ्या बांधवांना मला एक विचारायचे आहे. आम्ही 16 क्रमांकाच्या, म्हणजे सर्व नौकांनी ऐकायच्या बिनतारी वाहिनीवर पुन्हा पुन्हा हाका मारतो. उत्तर का येत नाही?

न्यू हॅम्पशायर, अमेरिका

आमच्याकडे समुद्र नाही, सरोवर आहे. विनिपेसाकी सरोवरावर दर उन्हाळ्यात आम्ही काही कुटुंबे मिळून घर घेतो. गोड्या पाण्यात ना भरती ना लाटा, त्यामुळे लोकांना ते रस्त्यापेक्षाही सुरक्षित वाटते.

चार जुलैच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या) रात्री आतषबाजी पाहण्यासाठी बोटी सरोवराच्या मध्यावर येऊन उभ्या राहतात. आकाश नीट दिसावे म्हणून कितीतरी जण आपले दिवे मालवतात. शेवटचा बाण फुटला की सगळे एकदमच घराकडे निघतात. मालवलेले दिवे पुन्हा लावायचे राहून जातात, दुपारपासून बिअर चालू असते आणि डोळ्यांत अजून आतषबाजीचा लखलखाट असतो. आमच्या शेजाऱ्याच्या बोटीत मी पुढे बसलो होतो. तो अनुभवी असल्याने इंजिन जेमतेम चालू ठेवून सावकाश चालला होता. काळोखातून एक लांबट वेगवान बोट आमच्या नाकासमोरून आडवी गेली. आवाज आधी आला, मग पाण्याचा फवारा अंगावर आला, आणि बोट दिसली ती तिची पाठच. तिचा मागचा पांढरा दिवा लागलेला होता. पुढचे लाल-हिरवे दिवे नव्हते, किंवा नाळ इतकी वर उचललेली होती की ते आम्हाला दिसले नाहीत. वेगात असताना नाळ वर उचलली जाते आणि समोरचे पाणी चालकालाही दिसत नाही, हे शेजाऱ्याने नंतर समजावून सांगितले.

याच सरोवरावर 2002 च्या ऑगस्टमध्ये रात्री एक मोठी बोट मागून येऊन एका छोट्या बोटीवर चढली होती आणि त्यात एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. पुढे बरीच वर्षे वाद झाल्यावर रात्री ताशी 30 मैल आणि दिवसा 45 मैल अशी वेगमर्यादा आली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, वेग नव्हे, निष्काळजीपणा मारतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. दोन बोटी प्रत्येकी 20 नॉटने समोरासमोर येत असतील तर अर्ध्या सागरी मैलाचे अंतर पाऊण मिनिटात संपते. तेवढ्या वेळात काळोखातला ठिपका बोटीचा की किनाऱ्यावरच्या घराचा, हे ठरवण्यातच निम्मा वेळ जातो.

पूर्वी हाँगकाँगमध्ये राहणारी

1 ऑक्टोबर 2012 रोजी चीनच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी होती आणि आम्ही मुलांना घेऊन बंदराच्या काठावर उभे होतो. त्याच सुमारास लामा बेटाजवळ ‘लामा फोर’ आणि ‘सी स्मूद’ या दोन नौकांची धडक झाली होती. पहिलीवर वीज कंपनीचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे होती, आणि तीही आमच्यासारखीच आतषबाजी पाहायला निघाली होती. 39 जण गेले, त्यांत 8 मुले होती.

त्या रात्री दृश्यमानता चांगली होती. दोघांनीही नीट नजर ठेवली नव्हती, असे चौकशीत निघाले. सी स्मूदच्या कप्तानाला आठ वर्षांची आणि लामा फोरच्या चालकाला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. परंतु धडकेनंतर काय झाले, ते मला जास्त छळते. लामा फोरवर जिथे पाणी अडवणारे दार असायला हवे होते तिथे दारच नव्हते, म्हणून ती मागच्या बाजूने पाहता पाहता खाली गेली आणि नाळ वर उभी राहिली. तिरप्या झालेल्या डेकवर खुर्च्या मुळापासून सुटल्या आणि माणसांसकट खाली घसरल्या. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे नौकेवर नव्हती.

तेव्हापासून मी कोणत्याही बोटीत चढले की आसन हलवून पाहते आणि लहान जॅकेटे कुठे आहेत, ते विचारते. भारतात सुट्टीवर आले असताना एका धक्क्यावर मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तिकीट फाडणारा गृहस्थ म्हणाला, “ताई, मोठंच घाला, दोरी घट्ट बांधा.” सैल जॅकेटातून मूल खाली निसटते, हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली आणि पुढचे तिकीट फाडले.

अलिबाग

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला होता. दोन्ही बोटींवरील मिळून 15 जण गेले. प्रवासी लाँचवर 84 प्रवाशांची परवानगी असताना शंभराहून अधिक माणसे होती. लख्ख उजेडात, शेकडो डोळ्यांदेखत हे झाले. आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री फार्महाऊसवर आलेले पाहुणे खाडीत भाड्याची स्पीडबोट काढतात, तेव्हा काय होऊ शकते याची कल्पना करावी. खाडीत रात्री डोल (एका जागी बांधलेले जाळे) लावलेली असते, वल्ह्याच्या होड्या असतात, आणि होडीतल्या माणसाकडे फार तर बॅटरी असते. गेल्या वर्षी अशाच एका बोटीने जाळ्याचे दोर तोडले आणि चालवणारा हसत निघून गेला. तक्रार कोणाकडे करायची, यावरच आमचे दोन दिवस गेले. पोलीस म्हणाले बंदर खात्याकडे जा, तिथे म्हणाले आधी पोलिसांकडे जा.

हर्णै

कप्तान साहेबांनी विचारले आहे, म्हणून लिहीत आहे. माझे वडील तांडेल (नौकेचे प्रमुख) होते आणि आता नौका मी पाहतो.

16 नंबरवर उत्तर न येण्याची कारणे अनेक आहेत. आमचे आपसातले बोलणे वेगळ्या वाहिनीवर चालते आणि संच एकच असतो, तो तिथेच लावलेला राहतो. इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही. ऐकू आली तरी ती इंग्रजीत असते, आणि “फिशिंग बोट ऑन माय पोर्ट बाऊ” (माझ्या पुढे डावीकडची मासेमारी बोट) म्हणजे नेमकी आमचीच बोट की शेजारची, हे काळोखात कळत नाही. आणि खरे सांगायचे तर पहाटे दोन-तीनला, दोन वेळा जाळी ओढून झाल्यावर, सगळे खलाशी झोपलेले असतात. एकाने जागे राहावे असा दंडक आहे. तो सुकाणूला टेकून बसतो आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागतो. बॅटरी उतरू नये म्हणून डोलकाठीवरचा दिवा बंद करणारेही आहेत. त्यांना बंदरात सगळे ओळखतात.

21 नोव्हेंबर 2024 ला गोव्यापासून सुमारे 70 सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही नौका रात्री नौदलाच्या ‘करंज’ पाणबुडीला धडकली. 13 पैकी 11 जण वाचले, दोघे गेले. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या धक्क्यावर दुसरे बोलणेच नव्हते. पाणबुडीसमोर काय करायचे ते मला सांगता येणार नाही, परंतु जहाजासमोर काय करायचे, ते आम्ही ठरवले आहे. रात्रीचा पहारा आता एकट्याचा नाही, दोघांचा असतो, आणि दर दोन तासांनी बदलतो. जुन्या खलाशांनी कुरकुर केली, कारण झोप मोडते. त्यांच्यातला एक पहाऱ्याला जातो तो उशी घेऊनच, त्यामुळे त्याच्या जोडीला मी स्वतः बसतो. सुकाणूच्या खिळ्याला मोठी बॅटरी टांगलेली आहे. जहाज अंगावर येते आहे असे वाटले, की झोत आधी आपल्याच केबिनच्या पांढऱ्या भिंतीवर टाकायचा, म्हणजे आमची नौका केवढी आहे ते तिकडच्या माणसाला दिसते, आणि मग जहाजाच्या दिशेने. वायरलेसचा दुसरा संच घेतला असून तो फक्त 16 वर ठेवला आहे. त्यावरून रात्रभर मोठ्या जहाजांचे बोलणे चालू असते. पहाऱ्यावरच्या पोरांना त्याचा एक फायदा असा झाला की, झोप येत नाही.

कप्तान साहेब, पुढच्या वेळी हाक मारताना नुसते “फिशिंग बोट” न म्हणता किनाऱ्यावरच्या जवळच्या गावाचे नाव घ्यायला आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना सांगावे. “हर्णैसमोरची बोट” असे ऐकले, तर निदान आम्ही मान वर करून पाहू.