मोडलेल्या जगाच्या रहस्यकथा आणि आपली तेरा-चौदा वर्षांची मुलं

पेन्सिलवाली (धागाकर्ती)

लेक आठवीत आहे. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला तिच्या खोलीत उजेड दिसला म्हणून डोकावले. पोरगी पलंगावर पालथी पडून रफ वहीत काहीतरी उतरवत होती. शेजारी जीन ड्यूप्रोचं 'द सिटी ऑफ एम्बर' उघडं, २००३ सालचं. ओरडायला तोंड उघडलं आणि ते पान बघून तिच्याशेजारीच बसले.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एम्बर नावाच्या शहराचं आकाश कायम काळं असतं. उजेड काय तो विजेच्या दिव्यांचा. हातात धरून फिरवता येईल असा दिवा असू शकतो हेच तिथे कुणाला ठाऊक नाही, साधी मेणबत्तीही नाही. कोठारातले बल्ब संपत आलेत, जनरेटर अडखळतोय. शहर वसवणाऱ्यांनी बाहेर पडायच्या सूचना एका पेटीत ठेवल्या होत्या, दोनशे वर्षांनी उघडेल अशा कुलपाच्या. ती एका महापौराकडून पुढच्या महापौराकडे जायची. सातव्याने ती गुपचूप घरी नेली आणि तिथून पुढे तिचा कुणाला पत्ताच राहिला नाही. पेटी सापडते बारा वर्षांच्या लीनाला, तीही धाकट्या बहिणीने आतला कागद चावून चोथा केल्यावर.

तो चावलेला कागद पुस्तकात जसाच्या तसा छापलाय. अर्धे शब्द, मध्येच भोकं. लेक तो अक्षर अक्षर जुळवत होती. एका शब्दापाशी अडली, पेन्सिलीचं टोक चावत म्हणाली, "आई, थांब हं, सांगू नकोस." पुढचं पान उलटलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तिने पाऊण तास उलटलं नाही.

मुलं अशा पुस्तकांना का चिकटतात ते मला त्या पाऊण तासात कळलं. एरवीच्या रहस्यकथेत चोर शोधायचा असतो. इथे 'आपण असे का राहतो, हे कुणी ठरवलं' हेच शोधायचं असतं. त्या वयाच्या पोरांच्या मनात दिवसभर दुसरं काय चालू असतं? एम्बरमध्ये बाराव्या वर्षी पिशवीतून चिठ्ठी काढायची, निघेल ते काम करायचं. लीनाच्या वाट्याला जमिनीखालचे पाइप येतात, तिच्या वर्गातल्या डूनच्या वाट्याला निरोप्याचं काम, आणि दोघं चिठ्ठ्या बदलून घेतात. हे वाचून लेकीने मला विचारलं, "दादाला सायन्स त्यानेच घ्यायचं ठरवलं होतं का गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

तुमचं मत काय? विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

निवृत्त_मास्तर

ताई, कळकळीने विरोध करतो. चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, मुलांच्या हातात काय असतं ते बघत आलो.

नातवाने दिलं म्हणून लुइस लाउरीचं 'द गिव्हर' वाचलं. १९९३ चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. लिखाण उत्तम, वाद नाही. पण त्यात एक प्रसंग आहे. बारा वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांच्या कामाचं चित्रण बघतो. वडील स्वभावाने अतिशय मायाळू. ते जुळ्यांपैकी वजनाने कमी असलेल्या बाळाला सुई टोचतात, वर लाडाने बोलतात, आणि बाळ मरतं. मी सत्तरीचा माणूस, पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे वाचून बापाकडे कसं बघायचं?

आम्ही फास्टर फेणेवर वाढलो. फुरसुंगीचा बनेश सायकलवर टांग मारून निघायचा, संकटात उडी घ्यायचा, पण जग मुळात चांगलं होतं. चोर पकडला की घडी पुन्हा बसायची. या नव्या पुस्तकांत चोर म्हणजे सरकार, शाळा, आईबाप, सगळेच. अविश्वासावर मूल उभं राहत नाही. पाया आधी भरावा लागतो, मग त्याला प्रश्न विचारावेत.

रात्रपाळी

मास्तर, आदर ठेवून असहमत. त्या मुलाला ज्या क्षणी सत्य कळतं, त्यानंतर तो काय करतो? घरात आणलेल्या दुसऱ्या तान्ह्या बाळाला, ज्याची पाळी येणार असते, सायकलवर घालून रातोरात निघतो. म्हणजे सायकल इथेही आहेच. आणि बापावरचा विश्वास उडाला तरी माणुसकीवरचा उडत नाही, म्हणून तर तो बाळाला उचलतो.

'हंगर गेम्स' (२००८) वरही नेहमी रक्तपाताचा आरोप होतो. मला त्यातली चिठ्ठ्यांची पद्धत जास्त हादरवून गेली. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची नावं सोडतीत, नाव निघेल त्याने रिंगणात मरेपर्यंत लढायचं. घरात खायला नसेल तर वर्षभराच्या धान्य-तेलाच्या बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी वाढवायची. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, तिच्या वीस चिठ्ठ्या, तिचा मित्र गेल अठराचा, त्याच्या बेचाळीस. सोडत सगळ्यांना सारखी, पण गरिबाचं नाव निघायची शक्यता जास्त. नागरिकशास्त्राच्या धड्यातून जे माझ्या मुलाच्या गळी उतरलं नव्हतं, ते या दोन आकड्यांनी एका संध्याकाळीत उतरलं.

ताकातलं_लोणी

माझा आक्षेप मास्तरांच्या उलट आहे. ही पुस्तकं फार काळी नाहीत, फार सोपी आहेत.

२००८ नंतर लाटच आली. भिंती, चक्रव्यूह, गट, परीक्षा, मधे एक मुलगी आणि दोन मुलगे. दुष्ट कोण ते कपड्यांवरूनच कळतं. एक निवडक मूल उभं राहतं आणि सत्ता कोसळते. मुलांना खोटं आश्वासन मिळतं की गुपित फोडलं की काम झालं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पाणी कोण सोडणार, धान्य कसं वाटायचं, कालच्या शत्रूशेजारी कसं राहायचं. त्याच्या बैठका, भांडणं, कंटाळा, हे कोण लिहितं?

थायलंडचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो. २०१४ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या तरुणांनी 'हंगर गेम्स'च्या सिनेमातली तीन बोटांची खूण उचलली, त्यासाठी अटकाही झाल्या. त्या मुलांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण लष्कर काय असतं हे त्यांना पुस्तकाने शिकवलं नाही, रस्त्यावर उतरलेल्या सैनिकांनी शिकवलं.

रात्रपाळी

खूण मात्र पुस्तक-सिनेमातूनच मिळाली ना? बोलायला बंदी असताना सगळ्यांना एकदम कळेल असं काहीतरी हातात असणं ही लहान गोष्ट नाही. आणि दुष्ट कपड्यांवरून कळतो म्हणता, तर 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग (२०१०) पुन्हा वाचा. कॅटनिसचा शेवटचा बाण कुणाला लागतो ते बघा. बंडखोरांच्या नेत्या बाईंना.

दहावी_ब

काका, आजोबा, मी पंधरा वर्षांची आहे म्हणून लिहितेय.

आम्हाला अविश्वास पुस्तकांनी शिकवला नाही. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीचं नाव अचानक हजेरीतून गेलं. का, ते कुणीच सांगितलं नाही. विचारलं की "तुला काय करायचंय, अभ्यास कर." ती कुठे गेली ते मला अजून माहीत नाही. त्याच महिन्यात मी एम्बर वाचलं. लीना विचारते तेव्हा मोठी माणसं तिलाही असंच गप्प करतात, पण ती विचारत राहते. मला फार बरं वाटलं. भीती नाही वाटली, आजोबा. विचारणं चूक नव्हतं एवढं कळलं.

निवृत्त_मास्तर

बाळ, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. "तुला काय करायचंय" हे वाक्य मीही वर्गात वापरलेलं आहे. वाईट हेतूने नाही, पण वापरलंय. 'द गिव्हर'बद्दलचं मत बदलत नाही. ते पुस्तक चौदाच्या आधी देऊ नये, आणि दिलं तर घरातल्या कुणीतरी सोबत वाचावं. एम्बरबद्दल मात्र विचार करीन.

पेन्सिलवाली (धागाकर्ती)

ताकातलं_लोणी, तुमच्या 'पुढे काय' या प्रश्नासाठी एम्बरचा दुसरा भाग बघा, 'द पीपल ऑफ स्पार्क्स', २००४. एम्बरमधून बाहेर पडलेली चारशेच्या वर माणसं एका छोट्या गावाच्या दारात येऊन उभी राहतात. गाव त्यांना सहा महिने ठेवून घ्यायचं ठरवतं. मग पंगती, वाटे, कमी पडणारं अन्न, टोमणे, मारामारी. तुम्ही म्हणता त्या सगळ्या बैठका.

मास्तर, सोबत वाचायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी तेच करतेय. काल तिने कागदातला शेवटचा शब्द जुळवला आणि मला उठवायला आली. रात्रीचे बारा वाजले होते. उठले.

ताकातलं_लोणी

दुसरा भाग मागवतो. वाचून इथेच लिहीन. आक्षेप अजून मागे घेतलेला नाही.