जेवणाआधी दोन सेकंद प्रार्थना, मग पस्तीस मिनिटं घास. तुमचं मत काय?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

माझी भाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पुण्यात एका हॉस्पिटलात बरा पगार होता. तो सोडून ती जूनपासून मराठवाड्यातल्या एका ख्रिस्ती बालगृहात कायमची राहायला गेली. तिथली मुलं अनाथ, आणि बहुतेक दिव्यांग. ती स्वतःला सरळ 'मिशनरी' म्हणवते, आडपडदा नाही. आमच्या मंडळीत तिच्यासाठी खास प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पेढा तोंडात टाकत म्हणाले, "म्हणजे आता पोरं गोळा करायची का?"

मी गप्प बसलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

तिला सोडायला मीच गेलो होतो. एक मुलगी आहे तिथे, आठ-नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. मान ठरत नाही. भाचीने तिला मांडीत टेकवून बसवलं, हनुवटी जरा छातीकडे झुकवून धरली आणि वरणात कालवलेला गुरगुट्या भात चहाच्या चमच्याने भरवायला घेतला. चमचा जिभेवर हलका दाबायचा आणि थांबायचं. घास गिळला की गळ्याला बोट लावून बघायचं, मगच पुढचा. मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. चौदा घासांना पस्तीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघितलं. अशी सहा मुलं, आणि भरवणाऱ्या दोघी.

त्याआधी तिने त्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन जोडले आणि म्हणाली, "प्रभू, अन्नासाठी तुझे उपकार." दोन सेकंद.

त्या दोन सेकंदांमुळे पुढची पस्तीस मिनिटं खोटी ठरतात का? माझ्या मते नाही. तुम्ही बोला.

---

तर्ककर्कश

खोटी कोण म्हणतंय? पस्तीस मिनिटं खरीच आहेत, आणि माझ्याच्याने ती होणार नाहीत, हेही कबूल. पण तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. त्या मुलीने हात जोडले नाहीत, तिचे हात *जोडून दिले*.

मोठ्या माणसाला सांगा काय सांगायचं ते, तो भांडेल नाहीतर ऐकेल. ज्या पोराला आई नाही, बाप नाही, आणि ज्याचा पुढचा घास तुमच्या हातात आहे, त्याच्यापुढे देव ठेवताना त्याला 'नको' म्हणायची सोय कुठे आहे? राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत घ्यायचं तर पालकाची संमती हवी. अनाथाचा पालक कोण? व्यवहारात संस्थाच. म्हणजे संमती मागणारा तोच आणि देणाराही तोच.

आणि हा आक्षेप काही कालपरवाच्या व्हॉट्सअॅपवरचा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचं, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेचं, १८९३ साली काय झालं ते आठवा. केसरीची टीका सोडून देऊ. पण सल्लागार मंडळ सोडणाऱ्यांत रानडे आणि भांडारकर होते. ते काही सनातनी नव्हते, बाईंना आधार देणारे सुधारक होते. त्यांचं म्हणणं इतकंच की शाळा धर्मनिरपेक्ष चालवायचं ठरलं होतं, तसं होत नाहीये.

---

जुनी वही

रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर पूर्ण बोलू.

तो वाद एका दारावरून होता. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार लावून घ्यायच्या नाहीत. मुली येऊन बसायच्या. सल्लागारांचं म्हणणं, दार लावा. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही, पण माझ्या घरात लपून प्रार्थना करणार नाही. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापलं पटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला आजही दोन्ही पटतात.

पण त्याच उघड्या दाराच्या घरात गोदूबाई नावाची बालविधवा शिकत होती. मुंबईत १८८९ साली सदन निघालं तेव्हाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. तिने धर्म बदलला नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तोच नंतर हिंगण्याला गेला. आज आपण ज्याला 'आपली' संस्था म्हणून मिरवतो तिच्यामागे असलेली ही बाई मिशनरणीच्या हाताखाली शिकलेली होती.

अपंगांचं म्हणाल, तर मुंबईत मुक्याबहिऱ्यांची पहिली शाळा १८८०च्या दशकात कॅथलिक बिशपांनी काढली. १९००च्या दुष्काळानंतर आंधळ्या मुलांना घेऊन अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलर्ड बाईंनी शाळा सुरू केली, तीच दादरची अंधशाळा. केडगावच्या मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्याच पुढच्या आश्रमात, त्यांच्या मुलीने, मनोरमाने, अंध मुलींना ब्रेल शिकवली. तेव्हा आपले आजोबा-पणजोबा आंधळ्या मुलाला 'पूर्वजन्मीचं' म्हणून ओसरीवर बसवून ठेवत होते. कडू आहे, पण आहे.

---

तर्ककर्कश

@जुनी वही, गोदूबाईंचं उदाहरण छान, पण त्या चांगल्या मोठ्या, जाणत्या होत्या, आणि त्यांना भाऊ होता. मुक्तीचं बघा ना. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनेकशे मुली आणल्या, १९०० नंतर आकडा दोन हजारांच्या घरात गेला. मागे घर उरलेलं नाही, पोटात अन्न नाही. आणि १९०५ मध्ये तिथे मोठं 'संजीवन', म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, झालं, शेकडो मुली रडत-ओरडत प्रार्थनेत. त्यातल्या किती जणींनी मनापासून धर्म घेतला आणि किती जणींनी भाकरीच्या बाजूने कौल दिला, हे कोण ठरवणार?

त्या मुली जगल्या, हे मान्य. नसत्या आणल्या तर मेल्या असत्या, हेही मान्य. पण म्हणून प्रश्न मरत नाही.

---

पाचवी खाट

मी वसतिगृहात वाढलो. ख्रिस्तीच होतं. नाव सांगत नाही. पोलिओ, डाव्या पायाला कॅलिपर.

तुम्ही दोघं पुस्तकातलं बोलताय, मी खाटेवरचं सांगतो. प्रार्थनेने मला काही झालं नाही. संध्याकाळी गाणी म्हणायचो, पेटी होती, मजा यायची. अजून अंघोळ करताना 'येशूच्या नावे' गुणगुणतो आणि मग सवयीने हनुमान चालिसाही. बायको हसते.

मला लागलं ते दुसरंच. आत घेताना मला नवीन नाव दिलं. का, कुणी सांगितलं नाही. बहुतेक सिस्टरला जुनं उच्चारता येत नसावं. पुढे जन्मदाखला, जातीचा कागद, शाळेचा दाखला यांच्यात मी दोन माणसं झालो. सत्ताविसाव्या वर्षी राजपत्रात नाव बदलून घेतलं तेव्हा कुठे एक झालो.

आणि फोटो. दर डिसेंबरात इस्त्रीचे कपडे घालून, कॅलिपर दिसेल असा पाय पुढे करून उभं करायचे. "हास." परदेशातल्या बाईंना पाठवायचे. त्या बाई दर वर्षी कार्ड पाठवायच्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण पाय पुढे करायला सांगितलं ते मी विसरलो नाही. बाप्तिस्म्यापेक्षा त्या फोटोबद्दल कुणी बोललं तर बरं होईल.

ज्या सिस्टरने रात्री-रात्री बसून माझ्या पायाला तेल चोळलं, तीच फोटोच्या वेळी पाय पुढे कर म्हणायची. दोन्ही तीच. आता लावा हिशोब.

---

पेठेबाहेरचा

फोटोवर बोललात ते बरं केलंत. हा सगळा पैशाचाच खेळ आहे. परदेशी देणगी बंद करा, बघू किती जण सेवेला उरतात. २०२०ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, कडक झाला तेव्हा उगाच नाही आरडाओरडा झाला.

---

आईच

@पेठेबाहेरचा, बंद करून बघा. आणि मग त्या मुलांना तुमच्या पेठेबाहेर ठेवून घ्या.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. आम्ही देशस्थ, घरात सोवळं पाळलेलं. तो सात वर्षांचा असताना तीन शाळांनी नाही म्हटलं. "बाकीच्या पालकांना चालणार नाही." हे वाक्य तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. ज्या शाळेने घेतलं तिच्या भिंतीवर क्रूस होता. बारा वर्षं गेला, शर्टाची बटणं स्वतः लावायला शिकला. ती बटणं शिकायला चौदा महिने लागले. धर्म काही शिकला नाही, त्याला गुरुवार-शुक्रवारही कळत नाहीत.

तर्ककर्कश म्हणतात ती संमतीची गोष्ट खरी असेल. पण माझ्या मुलाच्या बाबतीत संमती म्हणजे काय, हे मला आई असून सांगता येत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाऊन मी त्याची कायदेशीर पालक झाले, कारण अठरा झाल्यावर आई असणं पुरत नाही. माझ्यामागे कोण सही करणार? रात्री झोप लागत नाही ती यानेच. त्या वेळी सही करायला जो उभा राहील त्याच्या गळ्यात माळ आहे की क्रूस, हे बघायला मी नसेनच.

---

तर्ककर्कश

ताई, तुमच्यापुढे माझा वाद चालत नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण एक विचारतो. हे काम करायला देवाच्या नावाची गरज नाही, हे आपल्याकडे सिद्ध झालेलं आहेच ना? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर. टाकून दिलेली, दिव्यांग मुलं. शंभरावर मुलांना स्वतःचं नाव दिलं, आणि काही मुलींची लग्नंसुद्धा लावून दिली. २०२४ला पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी काय? अठरा पूर्ण झाली म्हणून दिव्यांग अनाथाला बालगृहाबाहेर काढू नका, त्यासाठी कायदा करा. हा खरा प्रश्न आहे. सरकारने करायचं काम आहे हे. सरकार करत नाही म्हणून ज्याचा-त्याचा देव त्या फटीत शिरतो.

---

जुनी वही

"ज्याचा-त्याचा देव फटीत शिरतो." वाक्य टाळीचं आहे, पण फट दीडशे वर्षं उघडी आहे राव. २०१८ला अनाथांना एक टक्का आरक्षण मिळालं महाराष्ट्रात, तेसुद्धा एका अनाथ मुलीने मंत्रालयाचे उंबरे झिजवल्यावर.

आणि मिशनवाल्यांना सगळं माफ करतोय असं समजू नका. २०१५ला दत्तकाचे नियम बदलले, एकट्या पालकाला नाही म्हणायची सोय संस्थांना उरली नाही, तेव्हा मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने तत्त्वाला पटत नाही म्हणून दत्तक देणंच थांबवलं. तत्त्व त्यांचं आणि ताटकळली मुलं. तिथे मी तर्ककर्कशांच्या बाजूला.

---

गोदाकाठचा

सगळ्यांचं वाचलं. पाचवी खाट यांचा प्रतिसाद भाचीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, डिसेंबरचे फोटो माझ्याकडेच आहेत या वर्षी." तिच्या संस्थेतही ते जातात. काढणारच नाही असं ती म्हणाली नाही, कारण डायपर आणि औषधांचा खर्च त्याच देणग्यांतून निघतो. पण पाय, हात, वाकलेली पाठ दाखवायची नाही आणि ज्याला कळतं त्याला आधी विचारायचं, एवढं ती बैठकीत मांडणार आहे. मानतील की नाही, माहीत नाही. ती तिथली सगळ्यात नवी.

नावाचंही विचारलं. तिथे नाव बदलत नाहीत, बालकल्याण समितीच्या आदेशात असतं तेच ठेवतात. कधी कधी पोलिसांनी ठेवलेलं असतं. एक 'सोमवार' आहे तिथे.

तर्ककर्कश, तुमच्यासाठी: शिकवा, भरवा, पण प्रार्थना नको, असं कुणी येऊन करू म्हणालं तर तिथे चालतं. उपासना साडेसहाला, जेवण सातला. सातला या.

---

तर्ककर्कश

मला सातला यायची मुभा आहे हे छान. मुलांना आहे का?

---

गोदाकाठचा

हाच प्रश्न तिला विचारला. मोठ्यांना आहे. तीन-चार पोरं त्या वेळी मागे क्रिकेट खेळतात, कुणी ओरडत नाही. जी खाटेवर आहेत त्यांना मात्र उचलून उपासनेत नेतात. कारण विचारलं तर म्हणाली, त्या अर्ध्या तासात त्यांच्याजवळ खोलीत थांबायला कुणी नसतं. एखाद्याला आकडी आली तर कळणार नाही. म्हणून सगळे एका खोलीत.

---

तर्ककर्कश

म्हणजे देवासाठी नाही, माणूस कमी पडतो म्हणून प्रार्थनेला नेतात. हे जास्त वाईट आहे की कमी, याचा मी विचार करतोय.

गाव कुठलं ते व्यनि करा. येईनच असं म्हणत नाहीये.