‘करमत नाही’ म्हणजे कंटाळा की घरची आठवण?

खडूफळा :
जपानात नीगाता प्रांतातल्या एका छोट्या गावात, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. दुसरं वर्ष. परवा धड्यात ‘होमसिक’ शब्द आला. मुलांना समजवावा लागला नाही, कारण जपानीत त्याचं ‘होमुशिक्कु’ असं बारसं केव्हाच झालंय. एकीने विचारलं, सेन्सेई, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी फळ्यावर लिहिलं, ‘मला करमत नाही’. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, करमत नाही म्हणजे वेळ जात नाही. तुझ्या शिकवण्याला तूच कंटाळलीस असं सांगून आलीस की काय?’ आई तीस वर्षं मराठी शिकवत होती, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. पण होस्टेलवर पहिल्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून आम्ही सगळ्या हेच म्हणायचो. शुक्रवारी त्याच वर्गावर तास आहे. दुरुस्त करू का?

मुळाक्षर :
आई बरोबर. करमणे म्हणजे वेळ मजेत जाणे, म्हणून तर ‘करमणूक’. माझ्या मते मूळ ‘क्रमणे’ : काळ क्रमणे, मार्ग क्रमणे. त्यात घर कुठेच नाही. होमसिकला ‘घरची ओढ’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

ठेचाभाकर :
ओढ वेगळी हो. बैल संध्याकाळी गोठ्याकडे वळला की ओढ घेतो, कारण तो निघालेला असतो. ज्याला निघताच येत नाही त्याला करमत नाही. आमच्याकडे मोर्शीला लेक पहिल्यांदा सासरहून आली की आजी विचारायची, ‘करमते का वं तुले तथी?’ तिला तिकडे सिनेमा दाखवतात का, हे नव्हती विचारत ती.

मुळाक्षर :
आजीचं मान्य, पण कोशात अर्थ आजीला विचारून घालत नाहीत.

ठेचाभाकर :
मग कोणाला विचारून घालतात?

दर्यावर्दी :
आमच्या मालवणीत ‘माका गमना नाय’. मुंबईत नोकरीला गेलेला चाकरमानी पहिल्या पत्रात हेच लिहायचा आणि त्याला कंटाळा आलाय असं कोणी समजायचं नाही. गोव्यातही ‘गमना’ म्हणतात.

बडोदेकर :
गुजरातीत ‘गमवुं’ म्हणजे आवडणं. ‘मने गमतुं नथी’ म्हणजे आवडत नाही, आणि बरं वाटत नाही, चैन पडत नाही असंही. बडोद्यातल्या मराठी घरांत आम्ही सर्रास ‘गमत नाही’ म्हणतो आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. हे आणि मालवणी ‘गमणं’ एकच का? आणि आपली ‘गंमत’ पण त्यातलीच का? जाणकारांनी सांगावं.

शुद्धमती :
एवढं बोलींत शिरायचं कारण नाही. ‘गृहविरह’ हा नेमका, सुटसुटीत शब्द आहे. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते. वापरला की रुळतो.

ठेचाभाकर :
‘मला गृहविरह झाला’ म्हटलं तर हप्ते थकले आणि बँकेने फ्लॅट नेला असं वाटेल.

शुद्धमती :
टिंगल म्हणजे युक्तिवाद नव्हे. ‘माझं मन लागत नाही’ असली हिंदी चालते तुम्हाला, संस्कृत चालत नाही.

फुलपात्र :
मला वेगळंच दिसतंय. ‘करमतं’ आपण होकारार्थी वापरतो का? ‘मला इथे छान करमतं’ हे मी बहुतेक कोणी खोदून विचारल्यावरच ऐकलंय. एरवी नकारच. शिवाय क्रियापद भावकर्तृक. शाळेत व्याकरणात काय उदाहरणं असायची आठवा : उजाडलं, सांजावलं, मळमळतं. करणारा कोणी नाहीच, ‘मला’ आपलं होतंय. इंग्रजीतला ‘सिक’ इथे मळमळण्याच्या शेजारी आयताच बसलाय की.

मुळाक्षर :
हे आवडलं. आजारपणावरून आठवलं : ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडात बनवला, तो चक्क रोगाचं नाव म्हणून. घरी परतणे आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांचा जोड. म्हणजे मूळ अर्थ होमसिकच. आपण त्याचं ‘स्मरणरंजन’ करून रंजन कुठून आणलं कोण जाणे.

खडूफळा :
आईचा मुद्दा मला आता अर्धा पटतोय, पण उलट्या बाजूने. गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशी सोमवारी होती. तिकडे पहाटेचे पाच, तेव्हा इथे साडेआठ. मी शाळेच्या दारात, बुटांच्या कपाटापाशी, एक पाय आतल्या बुटात आणि एक मोजा ओल्या फरशीवर. फोनवर बाबांनी कारीट फोडलं, फट् असा आवाज आला, आई ‘अगं जीभ लाव, कडू लागू दे’ म्हणून भावाच्या बायकोला सांगत होती. पावणेनऊला तास. शिकवलं, डबा खाल्ला, दिवस गेला. रडू नाही आलं. खरं झालं ते १ जानेवारीला. शाळेला सुट्टी, सोबतच्या शिक्षिका आपापल्या गावी, बर्फाने गल्ली बंद, दुकानांवर सुट्टीच्या पाट्या. शेजारच्या आजींनी ओझोनी आणून दिलं, म्हणजे मोचीचं, चिकट तांदळाच्या वड्यांचं, सूप. ते खाऊन संपायला दहा मिनिटं लागली. मग पुढचा अख्खा दिवस. तेव्हा जे झालं त्याला मी ‘करमत नाही’ म्हणते, आणि त्यात कंटाळा किती नि घर किती हे मला वेगळं करता येत नाही.
सुट्टीत असं आपापल्या गावी जाण्याला जपानीत ‘सातोगाएरी’ म्हणतात. सातो म्हणजे गाव, घर. मुळात नवरीचं माहेरी जाणं, आता कोणीही. बाळंतपणाला आईकडे जातात त्यालाही ‘सातोगाएरी’चंच नाव. आपलं माहेरपणच.

दर्यावर्दी :
माहेरपण फक्त बाईचं. पुरुष गावी जातो, माहेरी नाही.

फुलपात्र :
एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटलंय. ते बाई होते का?

दर्यावर्दी :
ते संत होते. मी गणपतीला कणकवलीत उतरतो तेव्हा माहेरी आलो म्हटलं तर बायको काय म्हणेल?

ठेचाभाकर :
म्हणेल, मग माझ्यासारखं चार दिवस स्वयंपाकघरात न शिरता राहून दाखवा. थांबा, ते तर तुम्ही करताच.

शुद्धमती :
माहेर हे मातृगृह. पाहा, ‘गृह’ आलंच.

खडूफळा :
शुक्रवार झाला. मी दुरुस्त केलं नाही, फक्त खाली ‘माका गमना नाय’ पण लिहिलं, दर्यावर्दींची परवानगी न घेता. मुलांनी दोन्ही मोठ्याने वाचली आणि मागच्या बाकावरचा एक ओरडला, ‘नाय! नाय!’ जपानीत नकार ‘नाइ’च असतो ना. आता संपूर्ण वर्ग मालवणी नकार देतोय.

दर्यावर्दी :
म्हणजे जपानी आणि मालवणी बहिणी!

मुळाक्षर :
योगायोग आहे. तमिळ-जपानी नात्याचा सिद्धांत जपानी भाषाअभ्यासक सुसुमु ओनो यांनी अनेक वर्षं मांडला, तो बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी मानला नाही. तुमचा एका ‘नाय’वर कोण मानेल?

दर्यावर्दी :
मालवणात मानतील.

बडोदेकर :
‘गंमत’चं राहिलंच.