शब्दचर्चा : विमानांची टक्कर टळणे, टाळणे आणि रोखणे

मूळ प्रश्न

विमानांची हवेत टक्कर होऊ नये म्हणून विमानात जी यंत्रणा बसवतात, तिच्या जागतिक बाजारपेठेवर मी मराठीत लेख लिहीत आहे. या यंत्रणेसाठी ‘टक्कररोधक यंत्रणा’, ‘टक्करविरोधी यंत्रणा’, ‘टक्कर प्रतिबंधक प्रणाली’ आणि ‘टक्कर टाळणारी यंत्रणा’ असे चार प्रयोग वाचनात आले. त्यांपैकी कोणता घ्यावा? वैमानिकाला या यंत्रणेकडून दोन प्रकारच्या सूचना मिळतात आणि त्यांना जगभर ‘टीए’ (ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी) व ‘आरए’ (रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी) म्हणतात. दोन्हींच्या पूर्ण नावात ‘अ‍ॅडव्हायझरी’ हा शब्द आहे. मग दोन्हींना ‘सल्ला’ म्हणावे का? ‘बाजारपेठ’ हा शब्द या व्यवहाराला कितपत शोभतो, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद

आधी ‘टक्कर’ या शब्दाकडे पाहू, कारण तो अगदी अचूक आहे आणि त्याची अचूकता आपण सहसा लक्षात घेत नाही. ‘दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली’, ‘बस झाडाला धडकली’ आणि ‘विमान डोंगरावर आदळले’ या तीन वाक्यांतील क्रियापदे मराठी माणूस आपापसांत बदलत नाही. टक्कर दोघांची होते आणि बहुधा दोघेही हलत असतात. धडक एकाकडून दुसऱ्याला बसते. आदळणाऱ्याच्या समोर जमीन, कडा किंवा भिंत असते. विमानांतील यंत्रणांची विभागणीही याच रेषेवर झालेली आहे. प्रश्नातील यंत्रणा, म्हणजे ‘टीकॅस’ (ट्रॅफिक अलर्ट अँड कोलिजन अव्हॉयडन्स सिस्टीम), फक्त दुसऱ्या विमानाचा माग ठेवते. डोंगर किंवा जमीन जवळ येत असल्याचे सांगणारी यंत्रणा निराळी असते आणि तिला ‘भूभाग इशारा यंत्रणा’ म्हणता येईल. बाजारपेठेविषयीच्या पुष्कळ अहवालांत या दोन्ही यंत्रणा एकाच मथळ्याखाली मोजलेल्या असतात. तेथे सरसकट ‘टक्कर’ हा शब्द वापरला, तर डोंगरावर आदळण्याचा धोकाही टीकॅसच टाळते, अशी वाचकाची समजूत होईल.

टीकॅस दुसरे विमान ‘पाहते’ असे म्हणणेही सैल आहे. ती १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि आसपासच्या विमानांचे ट्रान्सपाँडर, म्हणजे आपोआप उत्तर देणारी रेडिओ उपकरणे, १०९० मेगाहर्ट्झवर तिला उत्तर देतात. उत्तर येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते आणि उत्तरातच दुसऱ्या विमानाची उंची असते. ज्याच्याकडे चालू ट्रान्सपाँडर नाही, ते विमान टीकॅसच्या लेखी आकाशात नसतेच. ब्राझीलवर २९ सप्टेंबर २००६ रोजी गोल कंपनीचे बोइंग ७३७ आणि एक एम्ब्रेअर लेगसी विमान यांची टक्कर झाली, तेव्हा लेगसीचा ट्रान्सपाँडर कार्यरत नव्हता आणि त्यामुळे दोन्हींपैकी एकाही विमानाला इशारा मिळाला नाही. बोइंगमधील सर्व १५४ जण मरण पावले.

आता चार पर्याय. ‘रोधक’ हे पद आपण जलरोधक, गंजरोधक, भूकंपरोधक अशा शब्दांत वापरतो आणि तेथे अर्थ असतो ‘आघात आला तरी टिकणारे’. त्या न्यायाने टक्कररोधक विमान म्हणजे टक्कर होऊनही न मोडणारे विमान ठरेल. ‘टक्करविरोधी’ हा शब्द विमानाच्या अंगावरील लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी राखून ठेवावा. त्या दिव्यांचे रूढ नावच त्या अर्थाचे आहे आणि दोन वेगळ्या वस्तूंना एक विशेषण दिले की तांत्रिक मजकुरात घोटाळा होतो.

‘प्रतिबंधक’ हा शब्द भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण तो येथे घेऊ नये असे माझे मत आहे. प्रतिबंध आधीच, शांतपणे केला जातो. विमानांना वेगवेगळ्या उंचीचे स्तर नेमून देणे, त्यांच्यामध्ये एक हजार फुटांचे उभे अंतर राखणे, जमिनीवरील नियंत्रकाने मार्ग आखून देणे हा खरा प्रतिबंध. तो सगळा फसल्यावर, अखेरच्या काही सेकंदांत काम करणारी यंत्रणा म्हणजे टीकॅस. म्हणून ‘टक्कर टाळणारी यंत्रणा’ हाच प्रयोग मला योग्य वाटतो.

टळणे आणि टाळणे यांतही फरक करावा. ‘दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळली’ हे वृत्तपत्रांतील ठरलेले वाक्य आहे. संकट टळते, गंडांतर टळते. ‘टळणे’ या क्रियेला कर्ता लागत नाही आणि श्रेय आपोआप दैवाकडे जाते. वास्तविक अशा प्रसंगी पुष्कळदा यंत्राने सूचना दिलेली असते, वैमानिकाने ती पाच सेकंदांच्या आत पाळलेली असते आणि म्हणूनच विमाने एकमेकांच्या वरून-खालून निघून गेलेली असतात. तेथे ‘वैमानिकांनी टक्कर टाळली’ असेच लिहिले पाहिजे. ज्यांनी काम केले त्यांना वाक्यात जागा मिळावी, एवढे भाषेने करायलाच हवे.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु ‘टक्कर टाळणारी यंत्रणा’ हा वाक्प्रयोग विभक्ती लागली की फार लांबतो. ‘टक्कर टाळणाऱ्या यंत्रणांच्या बाजारपेठेतील’ अशी सुरुवात असलेले वाक्य संपता संपत नाही. पहिल्या उल्लेखात पूर्ण मराठी नाव द्यावे आणि पुढे ‘टीकॅस’ म्हणावे. मात्र ‘एकॅस’ आणि ‘टीकॅस’ यांची अदलाबदल करू नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत एकॅस (एअरबोर्न कोलिजन अव्हॉयडन्स सिस्टीम) हे सर्वसाधारण नाव आहे आणि टीकॅस हे त्या मानकांनुसार अमेरिकेत घडवलेल्या यंत्रणेचे नाव आहे. टीकॅस-१ फक्त इशारा देते. टीकॅस-२ इशारा देते आणि काय करावे तेही सांगते.

‘इंट्रूडर’ या शब्दाविषयीही सावध करावेसे वाटते. टीकॅसच्या परिभाषेत ज्याचा माग घेतला जात आहे, त्या कोणत्याही विमानाला हा शब्द लावतात. त्याचे ‘घुसखोर विमान’ असे भाषांतर केले, तर आपल्याकडे लगेच सीमेचे उल्लंघन आणि हवाई दल डोळ्यांपुढे येते. ‘दुसरे विमान’ किंवा ‘समोरचे विमान’ पुरेसे आहे.

प्रतिसाद

मला ‘सल्ला’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे शब्दाची निवड केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

ही यंत्रणा अंतरापेक्षा काळाने विचार करते. दोन प्रवासी विमाने प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यामधील अंतर दर मिनिटाला ३० किलोमीटरने घटते. म्हणजे १५ किलोमीटर अंतर असताना हातात अर्धे मिनिट उरलेले असते. ‘किती दूर’ याऐवजी ‘किती सेकंदांवर’ हे मोजायचे, ही कल्पना बेंडिक्स कंपनीतील जॉन मॉरेल यांनी १९५०च्या दशकात मांडली आणि आजही टीकॅस तिच्यावरच उभी आहे. संभाव्य निकटतेच्या साधारण २० ते ४८ सेकंद आधी टीए मिळते आणि १५ ते ३५ सेकंद आधी आरए मिळते. नेमका आकडा उंचीप्रमाणे बदलतो.

टीए मिळाली की कॉकपिटमध्ये ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे ऐकू येते. वैमानिकाने दुसरे विमान नजरेने शोधायचे आणि सज्ज राहायचे. केवळ टीएवरून विमानाचा मार्ग बदलायचा नसतो. याला मराठीत ‘इशारा’ हा शब्द चपखल बसतो. आरए मिळाली की ‘क्लाइंब, क्लाइंब’ (वर जा) किंवा ‘डिसेंड, डिसेंड’ (खाली जा) असा आवाज येतो. तेव्हा वैमानिकाने तत्काळ तसेच करायचे असते, मग नियंत्रकाने त्याउलट सांगितलेले असले तरी. विमानाचीच सुरक्षितता धोक्यात येणार असेल, एवढाच अपवाद. मराठीत सल्ला ऐकावा किंवा ऐकू नये, ही ऐकणाऱ्याची मुभा असते. ज्या सूचनेत अशी मुभा नाही, तिला सल्ला म्हणणे चुकीचे आहे. मी ‘निर्देश’ हा शब्द सुचवतो. ‘आदेश’ म्हणायला अधिकारी माणूस लागतो; निर्देश यंत्रही देऊ शकते आणि त्यात दिशेचाही अर्थ आहे.

ही काटेकोरपणाची हौस नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनवर एक तुपोलेव्ह टीयू-१५४ आणि मालवाहू बोइंग ७५७ एकमेकांकडे येत होती. नियंत्रकाने तुपोलेव्हला खाली उतरायला सांगितले. तिच्या टीकॅसने वर जायला सांगितले आणि बोइंगच्या टीकॅसने बोइंगला खाली जायला सांगितले, कारण दोन यंत्रणा आपसांत ताळमेळ राखून परस्परांविरुद्ध दिशा निवडतात. तुपोलेव्हच्या वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकले, दोन्ही विमाने खाली आली आणि ७१ जण मरण पावले. जर्मन तपास संस्थेने आपल्या अहवालात टीकॅसविषयीचे नियम व नियमपुस्तिका एकसारख्या नव्हत्या, अपुऱ्या होत्या आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होत्या, असे स्पष्ट नोंदवले. आरएचे पालन ऐच्छिक नाही, हे त्यानंतर नियमांत निःसंदिग्धपणे लिहिले गेले.

शब्द बदलल्याने यंत्रणा सुधारली, असे उदाहरण याच क्षेत्रात आहे. चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग कमी करा, हे सांगण्यासाठी पूर्वी ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अ‍ॅडजस्ट’ असा आवाज येत असे. अ‍ॅडजस्ट म्हणजे वाढवायचा की कमी करायचा, हे त्या वाक्यातून कळत नसे आणि काही वैमानिकांनी नेमकी उलट कृती केल्याच्या नोंदी झाल्या. टीकॅस-२ च्या ७.१ या आवृत्तीत त्याऐवजी ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ आले, म्हणजे विमान आडव्या पातळीत आणा. युरोपमध्ये १ मार्च २०१२ पासून नव्या विमानांना आणि १ डिसेंबर २०१५ पासून जुन्यांनाही ही आवृत्ती बंधनकारक झाली.

धोका सरल्यावर येणाऱ्या ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या घोषणेचे ‘संघर्षमुक्त’ असे रूपांतर कृपया करू नये. दोन वैमानिकांत कसलाही संघर्ष नसतो. ‘मार्ग निर्धोक’ एवढे म्हटले की पुरते.

इशारा आणि निर्देश वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली आरए मुद्दाम बंद ठेवलेली असते, कारण तेथे ‘खाली जा’ म्हणणे घातक ठरेल आणि उतरणाऱ्या विमानाला वारंवार वर ढकलणेही योग्य नाही. वॉशिंग्टन येथे २९ जानेवारी २०२५ रोजी उतरणारे सीआरजे-७०० विमान आणि लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मरण पावले. त्या विमानात ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा इशारा ऐकू आला होता. त्या उंचीवर निर्देश मिळणार नव्हता. ‘यंत्रणेने सल्ला दिला होता’ असे कोणी मराठीत लिहिले, तर त्या वाक्यातून हा भेद पूर्णपणे नाहीसा होतो.

प्रतिसाद

‘बाजारपेठ’ चालेल, पण तिच्या भोवतीची क्रियापदे बदलावी लागतील. ‘ग्राहकांची पसंती वाढत आहे’, ‘बाजारपेठ विस्तारत आहे’ ही वाक्ये या व्यवहाराला लागू पडत नाहीत, कारण येथे मागणी आवडीने निर्माण होत नाही, नियमाने होते. ग्रँड कॅन्यनवर ३० जून १९५६ रोजी दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण गेले आणि अशा यंत्रणेचा शोध नेटाने सुरू झाला. लॉस एंजेलिसजवळील सेरितोस येथे ३१ ऑगस्ट १९८६ रोजी एक प्रवासी विमान आणि एक लहान पायपर विमान एकमेकांवर गेले, जमिनीवरील लोक धरून ८२ जण मरण पावले आणि अमेरिकी काँग्रेसने १९८७ मध्ये कायदा केला. तीसहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत टीकॅस-२ असलीच पाहिजे, यासाठी १९९३ अखेरची मुदत ठरली. हरियाणातील चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेला आणि भारताने जागतिक नियमाची वाट न पाहता ही यंत्रणा सक्तीची केली. आंतरराष्ट्रीय नियम २००३ मध्ये १५,००० किलोग्रॅमहून जड विमानांना लागू झाला आणि २००५ पासून ५,७०० किलोग्रॅमहून जड किंवा १९ हून अधिक प्रवासी नेणाऱ्या विमानांना. या प्रत्येक तारखेच्या आधी खरेदीची लाट आलेली दिसेल. म्हणून ‘सक्ती’, ‘मुदत’ आणि ‘बंधनकारक’ हे या बाजारपेठेचे मूळ शब्द आहेत.

‘मार्केट साइझ’साठी ‘बाजारपेठेचा आकार’ असे लिहू नका. आपल्याकडे ‘वार्षिक उलाढाल’ म्हणतात. कोणताही आकडा उद्धृत करण्याआधी त्यात काय काय मोजले आहे, ते वाचकाला सांगा, कारण कोणी फक्त टीकॅस मोजतो, कोणी भूभाग इशारा यंत्रणाही मोजतो. ‘लाइन फिट’ व ‘रेट्रोफिट’ यांसाठी ‘कारखान्यातच बसवलेली’ आणि ‘मागाहून बसवलेली’ असे साधे शब्द आहेत. विक्रेते मोजकेच: हनीवेल, कॉलिन्स एरोस्पेस, थेल्सचा सहभाग असलेली संयुक्त कंपनी एसीएसएस, आणि लहान विमानांच्या बाजूला गार्मिन. ग्लायडरसाठी स्वित्झर्लंडमध्ये निघालेली फ्लार्म ही स्वस्त यंत्रणा मात्र वैमानिकांनी बऱ्याच अंशी आपणहून स्वीकारली. तेथे ‘पसंती’ हा शब्द खुशाल वापरावा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या उल्लेखात ‘टक्कर टाळणारी यंत्रणा’, पुढे ‘टीकॅस’. टीए म्हणजे ‘इशारा’ आणि आरए म्हणजे ‘निर्देश’, असे ठरवत आहे. एक शंका उरते. ए-३८० पासून एअरबसने अशी सोय दिली आहे की आरए आल्यावर ऑटोपायलट स्वतःच ती पाळतो. मानवरहित विमानांसाठी बनवलेली ‘एकॅस एक्सयू’ तर वर-खालीच नव्हे, डावी-उजवीकडेही वळायला सांगते आणि तेथे ऐकायला कॉकपिटमध्ये कोणी बसलेलेच नसते. अशा ठिकाणीही ‘निर्देश’ म्हणावे का?

प्रतिसाद

ऑटोपायलटच्या बाबतीत म्हणावे. निर्देश तोच राहतो, पाळणारा बदलतो, आणि वैमानिक शेजारी बसून त्यावर लक्ष ठेवतो व गरज पडल्यास हस्तक्षेप करू शकतो. मानवरहित विमानात दूरवर बसलेला चालक निर्णय घेणार असेल, तर त्यालाही निर्देशच मिळतो. विमान कोणालाही न विचारता वळणार असेल, तेव्हा मात्र ‘यंत्रणेने वळण घेतले’ असे कर्तरी वाक्य लिहावे.